चारशे बारा तास

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि धुलाईखान्याच्या दाराशी, गळक्या नळाच्या शेजारी, तासमास्तरांचं टेबल होतं. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, जादा किती थांबलं हे जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचं आणि महिनाअखेरीला वही वर पगार कचेरीत नेऊन द्यायची, एवढंच त्यांचं काम. एकतीस वर्षं हेच केल्यावर त्यांना जगातली कुठलीही वस्तू तासांशिवाय मोजता येईनाशी झाली होती. नवा चष्मा म्हणजे बावीस तास. घरभाडं म्हणजे महिन्याचे सत्तर. बायकोने पंखा मागितला की ते म्हणत, "तीस तासांचा आहे, बघ बाई." बायको म्हणे, "तास तुमचे, घाम माझा. आणा."

माणसंही ते याच मापाने तोलत. इस्त्रीच्या रुळावरचा माणूस रोज सहा मिनिटं उशिरा यायचा आणि चार मिनिटं लवकर सटकायचा. वर्षाला पन्नास तास. मास्तरांनी त्याला तोंडावर कधी काही म्हटलं नाही, पण तो समोरून चालत आला की ते पन्नास तास त्यांना त्याच्या पोटावर लोंबताना दिसत. भट्टीवाला तोंडाचा फाटका, पण वेळेचा सच्चा. डाग काढणारी बाई पाच मिनिटं आधी यायची आणि ती पाच मिनिटं कुणी मोजत नाही म्हणून वर्षभर कुरकुरायची.

घड्या घालणारी बाई मात्र त्यांच्या कुठल्याच खात्यात बसत नव्हती. अठरा वर्षांत एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. तिला सगळे घडीताई म्हणत. तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी गेला होता, म्हणजे वारला नव्हता, नुसता गेला होता. मागे एक मुलगी आणि दोन खोल्या, त्यातल्या एका खोलीत खिडकी.

ही मुलगी अभ्यासात इतकी पुढे निघाली की घडीताईलाच तिची भीती वाटायला लागली. शाळा संपत आली तेव्हा पोरीने जाहीर केलं की तिला पूल बांधायला शिकायचंय. कॉलेज चार वर्षांचं. फी किती, ते घडीताईने एका दुपारी चहाच्या वेळी हळूच सांगितलं. भट्टीवाला म्हणाला, "ताई, एवढ्या पैशात तर एखादा छोटा पूल तयारच मिळेल की! पोरीला म्हणावं, शिकतेस कशाला, विकतच घेऊ."

सगळे हसले. घडीताईही हसली. मास्तर हसले नाहीत, कारण तोवर त्यांचा गुणाकार झाला होता. वर्षाला नऊशे साठ तास. चार वर्षांचे तीन हजार आठशे चाळीस. म्हणजे घडीताईने एक वर्ष आणि सात महिने काही न खाता, भाडं न भरता, अंगावर नवं काही न घालता नुसत्या चादरींच्या घड्या घालायच्या. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे न बघता वही मिटली.

आता या तळघरात एक रीत होती, जी वरच्या मजल्यांना माहीत नव्हती. कुणाची नड निघाली की बाकीचे आपले जादा तास त्याच्या नावावर टाकत. थांबायचं आपण, घाम आपला, वहीत नाव त्याचं. महिनाअखेरीला त्याच्या पगारात ते पैसे येत. भट्टीवाल्याच्या ऑपरेशनला असे तास पडले होते, डागवालीचं छत उडालं तेव्हाही पडले होते. रीतीला नियम तीनच: मागायचं नाही, आभार मानायचे नाहीत, परत करायचं नाही. आणि हे सगळं ज्यांच्या हातून होई ते तासमास्तर, कारण लेखणी त्यांची.

त्या वर्षी योगही असा की शेजारच्या इस्पितळाची भट्टी बिघडली आणि त्यांचे कपडे चार महिने इथेच धुवायला यायला लागले. जादा कामाचा पूर आला. मास्तर एकेकाच्या कानाशी गेले. "घडीताईच्या पोरीसाठी," एवढंच म्हणायचे. कुणी "किती?" विचारलं नाही. पन्नास तासवाल्या रूळवाल्यानेसुद्धा पस्तीस तास टाकले, तेव्हा मास्तरांनी मनातल्या मनात त्याची जुनी बाकी अर्ध्यावर आणली. मास्तर स्वतः महिनाअखेरीला वही पुरी करायला थांबत. त्यांनी आपले सेहेचाळीस टाकले. नऊ माणसं, चार महिने, चारशे बारा तास.

पहिल्या महिन्याची पगारचिठ्ठी हातात पडली तशी घडीताई टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, चूक झालीय. एकशे तीन तास जास्त लागलेत."

"मी चूक करतो का कधी?"

"नाही करत. म्हणून तर विचारतेय."

"मग उत्तर मिळालं ना? जा, कामाला लाग."

ती क्षणभर चिठ्ठीकडे बघत राहिली. मग एकदा सगळ्या धुलाईखान्याकडे बघितलं. जो तो आपल्या कामात असा बुडाला होता, जणू इस्पितळात त्या दिवशी चादरी नाही, सोनं धुवायला आलं होतं. त्या दिवशी तिच्या टेबलावरून तीन उशांचे अभ्रे उलटे दुमडून वर गेले, आणि कुणी ते परत पाठवले नाहीत.

मास्तरांच्या मते त्यांचं आयुष्यातलं सर्वांत सुबक गणित ते हेच. चारशे बारा हे, दीडशेच्या आसपास तिची शिल्लक. पहिल्या वर्षाची अर्धी फी हातात. पुढचं पुढे.

पण घडीताईची एक सवय होती. गोष्ट पदरात पडेपर्यंत तोंडातून काढायची नाही. मुलीने शाळेतून शिष्यवृत्तीचा अर्ज आणला होता आणि दोघींनी तो गुपचूप भरला होता. मिळाली तर चारही वर्षांची फी माफ. अट एकच: घरचं वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं. मर्यादा तासांत मांडली तर दोन हजार सहाशे पन्नास. घडीताईने वर्षभराच्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. बेरीज आली दोन हजार नऊशे. तिने त्यातून चारशे बारा वजा केले, कारण ते तिचे नव्हते. ते तिने कमावले नव्हते, तिच्या हाताने झाले नव्हते. लोकांनी दिलेली वस्तू आपल्या कमाईत धरायची म्हणजे चोरीच, असं तिला वाटलं. उरले दोन हजार चारशे अठ्ठ्याऐंशी. तेवढेच, मिनिटापर्यंत खरे, तिने अर्जात लिहिले आणि खाली सही केली.

मग मुलीला कॉलेजात जागा मिळाल्याचं पत्र आलं. तळघरात त्या दिवशी भट्टीवाल्याने शिट्ट्या मारल्या. आठवड्याने दुसरं पत्र आलं. ते घडीताईने कुणाला दाखवलं नाही. दुपारी चहाला सगळे बाहेर गेल्यावर मास्तरांच्या उघड्या वहीवर आणून ठेवलं.

मास्तरांनी ते तीनदा वाचलं. अर्जातलं उत्पन्न आणि पगार कचेरीच्या नोंदीतलं उत्पन्न यांत तफावत. अर्जदाराने खोटी माहिती दिली. अर्ज रद्द. पुढली तीन वर्षं अर्ज करता येणार नाही.

"मर्यादा होती हे तू मला सांगितलं का नाहीस?" त्यांचा आवाज त्यांना अपेक्षा नव्हती तेवढा चढला.

"तास टाकताय हे तुम्ही मला सांगितलं होतं का?" ती म्हणाली. रागाने नाही. नुसतंच.

मास्तरांच्या डोक्यात आकडे आपणहून फिरायला लागले. मर्यादेच्या अडीचशे तास वर. चारशे बाराऐवजी एकशे बासष्टवर थांबलो असतो तर? म्हणजे दीड महिन्यातच थांबलो असतो तर? अडीच महिने नऊ माणसांनी कंबर मोडून जे काम केलं, त्यातल्या प्रत्येक तासाने पोरीला कॉलेजच्या दारातून एकेक पाऊल मागे ओढलं होतं. आणि ते तास त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिले होते.

"बाकीच्यांना काय सांगणार आहेस?"

"यादी लहान होती, नंबर लागला नाही, म्हणेन. त्यांना कशाला?"

फी भरायला बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मास्तर, घडीताई आणि मुलगी तिघं शिष्यवृत्तीच्या कचेरीत गेली. लांब गारढोण दालन, सात खिडक्या, त्यांतल्या दोन उघड्या. खिडकीमागच्या बाईने चष्मा डोक्यावर सरकवला, फाईल काढली, चष्मा पुन्हा खाली घेतला.

"हा पगार तुमचाच ना?"

"नोंद माझी आहे," घडीताई म्हणाली. "पैसे माझे नाहीत."

"मग कुणाचे?"

मास्तर खिडकीच्या कडेवरचा गोंद नखाने खरवडत होते.

"भेट मिळाली होती," मुलगी म्हणाली.

"भेट पगारातून मिळते? कुठे काम करता हो तुम्ही, मलाही जागा बघा." बाई हसली, मग समोरचे तिन्ही चेहरे बघून थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघा, मला काय मुलीचं वाटोळं करायची हौस नाही. तिचे मार्क बघितलेत मी. एक करा. तुमच्या कचेरीचं पत्र आणा. हे हे तास या बाईंनी केलेले नाहीत, नोंद चुकीची आहे, असं. सही-शिक्क्याचं. पत्र आणलंत तर मी स्वतः फाईल वर नेते. नाहीतर माझ्याही हातात काही नाही."

जिना उतरताना मुलगी मास्तरांच्या बरोबरीने चालत होती. आई दोन पायऱ्या पुढे.

"मास्तरकाका, तुम्हाला माहीत होतं मर्यादेचं?"

"नाही गं पोरी. देवाशपथ."

"आईला होतं." ती थोडा वेळ पायऱ्या मोजल्यासारखी उतरत राहिली. "आईने दोन तास बसून वजाबाकी केली, काका. मी म्हणत होते, मी करून देते. म्हणाली, हे माझं मला करू दे. एकदम बरोबर केली होती. मी तपासली होती."

मास्तर उरलेल्या पायऱ्या भराभर उतरले आणि त्यांनी दोघींसाठी दार उघडून धरलं.

घरी आल्यावर त्यांनी कागद घेतला. 'मी खाली सही करणारा' इथपर्यंत झकास झालं. पुढे लेखणी अडली. तीन कागद फाडले. बायको भाजी निवडता निवडता बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. मास्तरांच्या घरात गुपितं टिकत नसत.

"लिहा की," ती म्हणाली. "चौदा महिने राहिलेत तुमचे. पेन्शन गेल्यावर आपण दोघांनी काय खायचं, तेही त्याच कागदावर खाली लिहून ठेवा. म्हणजे मला पुन्हा विचारायला नको."

"अगं, त्या पोरीचं आयुष्य आहे."

"मी नाही म्हटलंय का? लिहा म्हटलं ना." आणि भाजीचं ताट उचलून ती आत गेली.

सकाळी ते वर पगार कचेरीत गेले. पगारसाहेब त्यांच्यापेक्षा वयाने लहान, पण मास्तरांची वही बघूनच बेरीज करायला शिकलेला.

"साहेब, समजा..." मास्तरांनी सुरुवात केली.

"मास्तर, तुमच्या तोंडून 'समजा' मी आज पहिल्यांदा ऐकतोय. बसा."

"समजा, वहीत एकाचे तास दुसऱ्याच्या नावावर पडले. चुकून."

"एकदा?"

"चार महिने."

साहेबाने पेनाचं टोपण लावलं. "मग ती चूक नाही. आणि कपडे तर धुतले गेले, ना? मग धुतले कुणी, भुताने? ज्यांनी धुतले त्यांनी खोट्या नावावर काम केलं, ते घरी जातील. जिच्या नावावर पैसे गेले, तिने न केलेल्या कामाचे पैसे घेतले. ती घरी जाईल, पैसेही भरेल, वर पोलीस ठरवतील ते."

"आणि वही लिहिणारा?"

"त्याचं नाव विचारावंच लागत नाही. वहीवर असतं." साहेबाने खिडकीबाहेर बघितलं. मग तिकडेच बघत म्हणाला, "तुमचं 'समजा' संपलं असेल तर जा मास्तर. मी काही ऐकलेलं नाही."

खोटं कशाला सांगा, जिना उतरताना मास्तरांना हायसं वाटलं. एकट्याची नोकरी जाणार असती तर ती द्यावी लागली असती. दहाजणांच्या जाणार म्हटल्यावर आता द्यायचा प्रश्नच नव्हता. हे हायसं वाटणं तळमजल्यापर्यंत टिकलं. तळघराच्या पायऱ्यांवर साबणाची वाफ नाकात गेली आणि त्यांना स्वतःची इतकी किळस आली की ते कठड्याला धरून उभे राहिले.

घडीताईने त्यांना काही सांगूच दिलं नाही. "माझा हा विचार पहिल्याच दिवशी करून झाला, मास्तर. डागवालीची दोन लेकरं. भट्टीवाल्याच्या पोटात अजून टाके दुखतात. तुमच्या पत्राने माझी एक शिकेल आणि बाकीच्यांची घरी बसतील. ते पत्र लिहू नका."

"नाही लिहिलं."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि हे ऐकून मास्तरांना पायऱ्यांवरची ती किळस पुन्हा आली.

उरलेल्या दिवसांत त्यांनी बाकीचे मार्ग धरले. बँकेत गेले. कर्ज मिळत होतं. दोन जामीन हवे होते, पक्क्या नोकरीतले. मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "एक मी." समोरचा मुलगा मोठा अदबशीर. त्याने त्यांची जन्मतारीख बघितली, पाणी मागवलं आणि म्हणाला, "काका, नोकरी निदान पाच वर्षं उरलेली लागते." भट्टीवाला जामीन राहायला आला होता, त्याचा पगार बसेना. रूळवाला यायचं म्हणाला आणि बँक बंद झाल्यावर सहा मिनिटांनी पोचला. पण त्याच्याही पगाराने काही झालं नसतं, हे मास्तरांनी आधीच काढून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी त्याला फक्त "ये, चहा घे" म्हटलं.

कॉलेजने सांगितलं, अर्धी फी आता भरा, अर्धी तीन महिन्यांनी. नाही भरली तर जागा जाईल, आणि भरलेली परत मिळणार नाही.

भट्टीवाल्याला यादीचा भयंकर राग आला होता. "कोण बसतात रे त्या याद्या करायला? एकदा माझ्या भट्टीपाशी उभे करा त्यांना! घडीताई, भर तू अर्धी. आम्ही पुन्हा तास टाकतो. काय मास्तर?"

मास्तर मान हलवत राहिले. शेजारच्या इस्पितळाची भट्टी दुरुस्त झाली होती. जादा काम आटलं होतं. आता सगळ्यांत मिळून आठवड्याला पाच तास निघत. तीन महिन्यांत साठ-पासष्ट. हवे होते चारशे ऐंशी. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. भट्टीवाल्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि भट्टीचं दार उघडायला वळला.

शेवटचा निर्णय मुलीने घेतला. फीच्या मुदतीला दोन दिवस होते. ती आईचा डबा घेऊन आली होती, मास्तरांच्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "अर्धी नाही भरायची, काका. अर्धा पूल बांधून काय करू? मध्यावर उभं राहून पाणी बघू?"

"पुढच्या वर्षी काहीतरी..."

"पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा. जागा पुन्हा. शिष्यवृत्ती तीन वर्षं बंद." हे तिने दुकानातली यादी वाचावी तसं वाचून दाखवलं. "पार्सलच्या गोदामात माणसं घेताहेत. उद्यापासून जातेय."

"तिथे काय करशील गं?"

"खोके चिकटवणार." आणि एकदम खुदकन हसली. "घाबरू नका काका, मला गोंद लावता येतो." तिचं हसू संपायच्या आत मास्तरांनी वहीत डोकं घातलं. वहीत त्या क्षणी लिहिण्यासारखं काहीच नव्हतं.

मुदतीच्या दिवशी घडीताई नेहमीच्या वेळेवर आली. पिशवीतून तिने नऊ पाकिटं काढली आणि घड्यांच्या टेबलावर एका ओळीत मांडली. प्रत्येकावर नाव नाही, काम लिहिलेलं: भट्टी, डाग, रूळ, गाडी. खाली तासांचा आकडा; तो तिने गेल्या आठवड्यात, कशाला ते न सांगता, मास्तरांकडून एकेकाचा विचारून घेतला होता.

"हे काय?" भट्टीवाला.

"ज्याचे त्याचे."

"ताई, डोकं फिरलं का? परत घ्यायला आम्ही काय उसने दिले होते? रीत काय आहे आपली?"

"रीत मला माहीत आहे," घडीताई म्हणाली. "पण तुम्ही मला नव्हते दिले. कॉलेजला दिले होते. कॉलेज नाही, तर ते माझ्याकडे कसे राहतील? घरात राहिले तर पोरगी रोज बघेल. उचला. माझ्यावर उपकार म्हणून उचला."

"मी भट्टीत टाकीन!"

"टाका. तुमचे आहेत."

कुणी हात लावला नाही. यंत्रं सुरू झाली. पाकिटं टेबलाच्या कडेला तशीच पडून होती आणि दिवसभर जो तो त्या टेबलाला वळसा घालून जात होता. मास्तर आपल्या जागेवरून बघत होते. त्यांना प्रत्येकाचं घर तासांत पाठ होतं. डागवालीच्या धाकट्याच्या कानाचे अठ्ठावीस तास डॉक्टरकडे थकले होते, हे त्यांना माहीत होतं. दुपारी ती टेबलाजवळ गेली, हात पुढे केला, मागे घेतला, अभ्र्यांचा गठ्ठा उचलल्यासारखं केलं. गठ्ठ्याबरोबर पाकीटही गेलं. त्यानंतर सोपं झालं. एकेक करून सगळी गेली. रूळवाल्याने आपलं सर्वांत शेवटी उचललं आणि कधी नव्हे तो त्या दिवशी चार मिनिटं उशिरा गेला. भट्टीवाल्याने पाकीट भट्टीच्या दारापर्यंत नेलं होतं. तिथे पाठ करून उभा राहिला, मोजलं आणि मोज्यात घातलं. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते; धुराने झाले, असं तो न विचारता म्हणाला.

राहिलं मास्तरांचं. ते घ्यायचं नाही असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. पण सगळ्यांनी उचलल्यावर आपलंच तेवढं टेबलावर सोडायचं म्हणजे बाकीच्यांच्या तोंडावर मारणं. त्यांनी ते आणलं, सवयीने मोजलं. सेहेचाळीस तास. बरोबर.

पुन्हा मोजलं. बरोबरच होते, आणि तिथेच घोळ होता. पगारातून जादा तासांचा दहावा हिस्सा कर म्हणून कापला जाई. घडीताईच्या हातात चारशे बारा कधी पडलेच नव्हते. तीनशे एकाहत्तर पडले होते. पाकिटांत मात्र पुरे चारशे बारा होते. एकेचाळीस तास तिने आपल्या शिलकीतून घातले होते. सगळ्यांनी मिळून तिच्यावर केलेल्या उपकाराची किंमत, मास्तरांनी बेरीज करून पाहिली, एकेचाळीस तास आणि एक कॉलेज.

ते तिच्या टेबलाशी गेले. बाकीचे हात धुऊन निघायच्या गडबडीत होते.

"तू कर धरला नाहीस."

"धरला होता." ती एक चादर पसरत होती. "कापून दिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का कापलं. मग मोजत बसले असते. तुम्हीच शिकवलंय सगळ्यांना मोजायला."

मास्तरांनी आपलं पाकीट पुढे केलं. तिने बघितलंसुद्धा नाही.

"जादा काम आहे का आज?" तिने विचारलं.

"एक तास आहे. वरच्या मजल्याचे पडदे आलेत."

"माझ्या नावावर लिहा. आठवड्याला निघतात ते सगळे मला द्या, बाकीच्यांना काहीतरी सांगा. आठ-नऊ आठवड्यांत भरून निघेल."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. लोकं जिन्याकडे निघाली. कॉलेजमध्येही याच वेळी फीची खिडकी बंद होते, हे दोघांनाही माहीत होतं. घडीताईने घड्याळाकडे बघितलं नाही. पडद्यांची गाडी आपल्याकडे ओढून घेतली आणि पहिल्या पडद्याची कडा शोधायला लागली.

मास्तर टेबलाशी परत आले. वही उघडली, तिच्या नावाची ओळ काढली आणि जादाच्या रकान्यात एक लिहिला. बऱ्याच महिन्यांनी त्या रकान्यातला तिचा आकडा खरा होता.